शाळेपासून कॉलेजापर्यंत : कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे मला सांगण्यात आले. चरित्र म्हटले की जिजाऊमाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात, आणि ती येणे योग्यच आहे. पण त्यांच्यावर आपल्या मंडळातील भगिनी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव घेतले. त्याचे कारण असे की, आपल्या बोनकोडे गावातून वाशीकडे गेले की रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज लागते. आपल्यापैकी कित्येकींची मुलेमुली तेथे शिकली, शिकत आहेत. ती सारी त्याला केबीपी म्हणतात. केबीपी म्हणजे कोण, असे विचारले तर मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवले, त्याचे नाव तीन अक्षरांत गुंडाळून ठेवावे हे मला बरे वाटले नाही. म्हणून हे चार शब्द. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे, तेव्हा काही उणे राहिल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. घराणे जैन, शेती करणारे. वडील पायगौंडा सरकारी नोकरीत असल्यामुळे बदल्या होत, आणि मुलाची शाळाही गावागणिक बदले. भाऊराव अंगाने धिप्पाड, स्वभावाने हूड. पुस्तकापेक्षा तालमीत मन अधिक रमे. पण एक गोष्ट त्यांच्या अंगी लहानपणापासून होती. अन्याय दिसला की त्यांना गप्प बसवत नसे. एका विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या बायामाणसांना पाणी शेंदू देत नसत. त्या बिचाऱ्या घागरी घेऊन ताटकळत उभ्या राहत आणि कोणी वरून पाणी घातले तरच घरी नेत. पोरवयातल्या भाऊरावांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला. आपल्यापैकी ज्यांनी पाण्यासाठी रांगेत तासन् तास काढले आहेत, त्यांना त्या बायांच्या जिवाचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले. राजाराम हायस्कुलात नाव घातले आणि राहायला जैन बोर्डिंगात. कोल्हापुरात त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढली होती. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर त्याने राहायचे कोठे आणि खायचे काय, हा प्रश्न महाराजांनी ओळखला होता. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच जेवायला बसावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले नाही, आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर काढण्यात आले. महाराजांनी मात्र त्यांना आपल्याकडे आसरा दिला. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. त्या काळी मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिलीपासून मोजत आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. म्हणजे ज्यांनी पुढे इतकी हायस्कुले आणि कॉलेजे उभारली, ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते.

शाळा सुटली तशी घरची नाराजी वाढली. लग्न झाले होते. पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्याच. भाऊराव साताऱ्यास आले आणि मुलांच्या शिकवण्या करू लागले. गावात पाटील मास्तर म्हणून नाव झाले. त्यानंतर १९१४ साली कोल्हापुरात एक प्रकरण उद्भवले. इंग्रज राजघराण्यातील पुतळ्यांना कोणी तरी डांबर फासले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, म्हणून त्यांचा फार छळ झाला, तुरुंगातही राहावे लागले. ज्यांनी विद्यार्थिदशेत आपल्याला बोर्डिंगातून काढले, त्यांच्याच विरुद्ध साक्ष द्यायची होती. एखाद्याने जुना राग काढला असता. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. मला त्यांच्या सगळ्या मोठेपणात ही गोष्ट फार मोठी वाटते.

मग पोटासाठी त्यांनी फिरतीची नोकरी धरली. आधी ओगल्यांचे कंदील विकले, नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागते, त्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याच्या घरची भाकरी खावी लागते. अशी शेकडो खेडी त्यांनी पायांखाली घातली. नांगर चांगला आहे हे शेतकऱ्याला पटे, पण कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. सावकाराने दाखवलेल्या जागी अंगठा उठवायचा एवढेच ठाऊक. पोरे गुरांमागे, पोरी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही भाऊरावांनी कष्ट घेतले; परंतु मतभेद होऊन ते बाहेर पडले. त्या धंद्यात राहते तर बंगला-मोटार आली असती. पण खेड्यापाड्यांत जे पाहिले होते ते त्यांना स्वस्थ बसू देईना.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या मेळाव्याच्या वेळी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. रयत म्हणजे साधी प्रजा, कष्टकरी माणसे. नावातच सगळे आले. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे बोर्डिंग सुरू झाले. आरंभी मुले थोडी, पण सर्व जातींची. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी सगळी एका छपराखाली राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस जेवत. आज आपल्याला त्यात विशेष वाटणार नाही. पण १९२४ साल डोळ्यांपुढे आणावे. एका विहिरीचे पाणी चालत नव्हते, तेथे एका हाताने थापलेली भाकरी सर्वांनी खायची होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या बोर्डिंगास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. साबरमतीच्या आश्रमात आपल्याला जे जमले नाही ते येथे जमले आहे, अशा अर्थाचे उद्गार गांधीजींनी काढल्याचे सांगतात.

आता लक्ष्मीबाईंविषयी लिहिते. सातवीच्या बाईने लिहिलेले चरित्र म्हणून एवढी मोकळीक मी घेणार आहे.

भाऊराव गावोगाव हिंडत, मुले गोळा करून आणीत, सभा करीत, देणग्या मागत. ते परत येईपर्यंत मुलांच्या पोटाचे काय? ते लक्ष्मीबाई पाहत. त्या सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या. नवऱ्याने अस्पृश्य मुलाला हात धरून घरात आणले तेव्हा त्यांना प्रथम किती जड गेले असेल, हे ज्यांनी सासरच्या घरात एखादी नवी गोष्ट करून पाहिली आहे त्यांनाच कळेल. पण एकदा मन वळले ते वळलेच. आजारी मुलाच्या उशाशी बसायचे, घरची आठवण काढून रडणाऱ्याला जवळ घ्यायचे, कोणाच्या सदऱ्याला बटण नाही, कोणाच्या डोक्यात उवा झाल्या, सगळे त्या बघत. मुले त्यांना आई मानीत. बोर्डिंगातला दाणागोटा संपला की अंगावरचा एक दागिना जाई. माहेरून मिळालेले, लग्नात घातलेले, एकेक करून सगळे सोने मुलांच्या ज्वारी-डाळीत गेले. भाऊराव गावाला गेलेले, घरात धान्याचा कण नाही, मुले उपाशी, अशा वेळी शेवटी त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र मोडले. त्या काळची बाई, आणि ज्यांच्यासाठी मंगळसूत्र मोडले ती मुले नात्यातली नव्हेत, जातीतली नव्हेत. आपण एखादा मणी तुटला तरी दिवसभर बेचैन होतो.

१९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. त्यांनी संस्थेचे हायस्कूल पाहिले नाही, कॉलेज पाहिले नाही. साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहाला त्यांचे नाव दिलेले आहे. भाऊरावांचे पुतळे जागोजागी दिसतात आणि ते असावेतच, पण लक्ष्मीबाईंचा फोटो त्यांच्या शेजारी दिसला की मला अधिक समाधान वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्या काळी शाळा काढणारे इतर लोकही होते. कोणी गावाला शाळेची इमारत देई, कोणी शहरात मोठे कॉलेज काढी. पण मधल्या पायऱ्या कोणी मोजत नसे. गावातला पोरगा चौथी शिकला तरी पुढची शाळा तालुक्याला, आणि तालुक्याला राहायची सोय नाही. तालुक्यात शिकला तरी कॉलेज पुण्याला किंवा कोल्हापूरला, आणि तेथली फी बापाच्या वर्षाच्या उत्पन्नाएवढी. एकेका पायरीवर मुले गळत. वर पोचणारी सुखवस्तू घरची तेवढी. शिवाय गावात शाळा काढावी तर शिकवायला मास्तर कोठून आणायचा? शहरातला शिकलेला माणूस आडरानातल्या वस्तीवर राहायला तयार नसे. भाऊरावांनी हे सगळे एकत्र धरले. बोर्डिंग, गावची शाळा, मास्तर तयार करणारे कॉलेज, हायस्कूल, कॉलेज, या पायऱ्या त्यांनी एकमेकींना जोडल्या. खालच्या पायरीवरचा मुलगा वर चढावा आणि वर चढलेल्यांपैकी काहींनी पुन्हा खाली येऊन दुसऱ्यांना हात द्यावा, असा त्यांचा बेत होता. हे त्यांनी एकदम केले नाही. पैसा हाती येई तसतसे केले, पण दिशा ठरलेली होती.

१९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. येरवड्याला महात्मा गांधी आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्यात करार झाला, त्याची आठवण म्हणून. १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. नाव कॉलेज असले तरी ते प्राथमिक शाळेचे मास्तर तयार करणारे विद्यालय. येथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. त्या वेळी मराठी सातवीची एक मोठी सरकारी परीक्षा असे, तिला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत. ती पास झालेला माणूस प्राथमिक शाळेचा मास्तर होऊ शके. गावात सातवी पास झालेला म्हणजे मोठा माणूस, पत्र वाचायला त्याच्याकडे लोक येत. अशा सातवी पास मुलांना घेऊन भाऊरावांनी त्यांना शिकवावे कसे याचे शिक्षण दिले आणि खेड्यांत पाठवले. ती मुले स्वतः खेड्यातली असल्यामुळे त्यांना कोंड्यावर झोपायला, नाचणीची भाकरी खायला लाज नव्हती.

पुढे तीन-चार वर्षांत मुंबई सरकारने अशी योजना केली की, ज्या लहान गावात सरकारी शाळा नाही तेथे एखाद्या संस्थेने शाळा चालवल्यास तिला थोडे अनुदान मिळावे. या शाळांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. भाऊरावांनी ही संधी दोन्ही हातांनी धरली. मास्तर तयार होतेच. गावाने देऊळ, चावडी किंवा कोणाचा तरी गोठा झाडून द्यायचा, चार जणांनी मास्तराच्या जेवणाची सोय करायची, की शाळा सुरू. डोंगरावरच्या वाड्यांत, नदीकाठच्या वस्त्यांत, जेथे पूर्वी फळा कसा असतो हे कोणी पाहिले नव्हते, तेथे मुले पाटीवर अक्षरे गिरवू लागली. अशा ५७८ शाळा संस्थेने चालवल्या आणि पुढे त्या स्कूल बोर्डाकडे सोपवल्या. चांगली चालती शाळा दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते. आपण साधी भिशी दुसरीकडे सोपवायची म्हटले तरी रुसवे-फुगवे होतात! पण पहिली पायरी सरकारने सांभाळली तर आपल्याला वरच्या पायऱ्या बांधता येतील, हा विचार त्यामागे होता.

वरच्या पायरीचे महत्त्व मला निराळे सांगावे लागत नाही. माझे माहेर सातारा जिल्ह्यात डोंगराच्या कडेला. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा सहा किलोमीटरवर, मध्ये ओढा आणि रान. मुलगे जात, मुलींना पाठवीत नसत. माझ्याबरोबरच्या आम्ही नऊ मुली एकाच दिवशी घरी बसलो. कोणी नापास झाली नव्हती. आपल्या मंडळात माझ्यासारख्या सातारा, कराड, पाटणकडून माथाडी कामानिमित्त इकडे आलेल्या घरच्या भगिनी आहेत, तशाच बोनकोड्याच्या मूळ आगरी घरच्या भगिनीही आहेत. दुपारच्या गप्पांत विचारले तर दोन्हीकडची गोष्ट एकच निघते. शाळा होती तोवर शिकलो, पुढची लांब होती म्हणून थांबलो.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. येथे फी नव्हती. फीच्या जागी मुलांनी काम करायचे. कमवा व शिका ही योजना ती हीच. मुले सकाळी शेतात खपत, भाजीपाला पिकवीत, विटा-दगड वाहत, इमारतीचे काम करीत, आणि मग वर्गात बसत. काहींना वाटले की हे मुलांना राबवून घेणे आहे. भाऊराव स्वतः कुदळ घेऊन मुलांत उभे राहत, म्हणून ते बोलणे फार टिकले नाही. शिवाय गरिबाच्या मुलाला कामाचे नवल नव्हते. घरी राहिला असता तर त्याने कामच केले असते, फक्त शाळा झाली नसती. फुकट जेवल्याची लाज मात्र त्याला वाटली नाही. आपल्या घामाचे खातो आणि शिकतो, असे तो बापाला ताठ मानेने सांगू शके.

जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. देश स्वतंत्र व्हायला दोन महिने होते. जो मुलगा गोठ्यातल्या शाळेत अक्षर शिकला, बोर्डिंगात राहून हायस्कुलात गेला, त्याला आता कॉलेजसाठी पुणे-मुंबई गाठण्याचे कारण उरले नाही. येथेही काम करून शिकण्याची सोय होती. कॉलेजचे नाव बदलून आपल्या घराण्याचे नाव द्यावे, मग मोठी रक्कम देतो, असे सांगणारे एक धनिक भाऊरावांना भेटले होते. बापाचे नाव बदलीन पण कॉलेजला दिलेले महाराजांचे नाव बदलणार नाही, असे त्यांनी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितले म्हणतात. पैशाची नड तर रोजची होती. तरी ते नाव तसेच राहिले.

या जिन्यावरून कोण कोण वर गेले त्याचे एकच उदाहरण देते. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. वकिली करून पैसा मिळवायचे सोडून ते संस्थेच्या कामात परत आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असे परत आलेले आणखी पुष्कळ होते. थोड्या पगारावर जन्मभर संस्थेची सेवा करीन असे ठरवून राहिलेल्या शिक्षकांना आजीव सेवक म्हणत. शिकून मोठी झालेली मुले साहेब होऊन मागे वळून पाहत नाहीत, अशी आपण नेहमी तक्रार करतो. भाऊरावांच्या मुलांपैकी कित्येकांनी मागे वळून पाहिले, आणि त्याचे कारण मला असे वाटते की त्यांना कोणाच्या सोन्याची भाकरी खाऊन आपण शिकलो हे ठाऊक होते.

१९४८ साल संस्थेला फार कठीण गेले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. परंतु त्याच सुमारास त्यांच्या सडेतोड भाषणांमुळे सरकारचा रोष झाला आणि संस्थेचे अनुदान बंद करण्यात आले. शेकडो मास्तरांचे पगार, हजारो मुलांचे जेवण! ज्याच्या घरात महिनाअखेर पगार झाला नाही अशी गृहिणीच हे समजू शकेल. अशा वेळी गाडगे महाराज पुढे आले. हातात खराटा घेऊन गावे झाडणारा हा साधू शिक्षणासाठी लोकांपुढे पदर पसरी. त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. लोकांनीही आपापल्या परीने मदत केली, शिक्षकांनी पोटाला चिमटा घेऊन वर्ग चालू ठेवले. काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले. भाऊरावांनी हायस्कुलांचे काम मात्र थांबवले नव्हते.

मुलींच्या बाबतीत थोडे स्पष्ट लिहिते. आरंभीची कित्येक वर्षे हे सगळे काम मुख्यतः मुलग्यांचे होते. बोर्डिंगे मुलग्यांची, राबणारे हात मुलग्यांचे. आईबाप वयात आलेली मुलगी परगावी राहू देत नसत, हे खरे आहे. तरीही, ज्या संस्थेचे पहिले धान्य एका बाईच्या सोन्यातून आले, तिने मुलींसाठी थोडी अधिक घाई करायला हवी होती असे माझ्या मनात येते. पुढे साताऱ्यात जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले आणि खेड्यातल्या मुली मास्तरीण होऊन गावोगाव गेल्या. गावच्या शाळेत मास्तरीण आली की आया मुलींना शाळेत धाडायला भीत नाहीत, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्या दृष्टीने ही पायरी मला कॉलेजांपेक्षाही मोलाची वाटते.

भाऊराव दिसायला कसे होते हे मुलांना सांगायला हवे. अंगावर जाडीभरडी खादी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, पाय अनवाणी. आवाज मोठा, बोलणे रांगडे. रागावले तर समोरचा थरथर कापे, आणि तेच मुलाला ताप आला तर रात्रभर जागत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कर्मवीर ही पदवी लोकांनी दिली.

१९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. ज्या साधूने संकटात साथ दिली त्याचे नाव कॉलेजला दिले, आणि तो साधू तर शाळेची पायरी चढलेला नव्हता. १९५५ साली साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. हायस्कुलांना शिकवणारे शिक्षक येथे तयार होऊ लागले. प्राथमिक शाळेचे मास्तर एका विद्यालयात, हायस्कुलाचे शिक्षक दुसऱ्यात, आणि दोन्हींत शिकायला येणारे पुष्कळसे संस्थेच्याच शाळांतून आलेले. दळणाचे पीठ घरच्या जात्यावर आणि धान्यही घरच्या शेतातले, तसे झाले. बाहेरून मास्तर येईल याची वाट पाहायची गरज राहिली नाही.

पुढच्या काळात हाच जिना आपल्या बाजूलाही आला. पनवेलला महात्मा फुले कॉलेज, उरण तालुक्यात फुंडे येथे वीर वाजेकर कॉलेज आणि वाशीचे आपले कॉलेज, ही सगळी रयत शिक्षण संस्थेची. ती भाऊरावांच्या पश्चात निघाली. मिठागरे आणि भातशेती करणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या घरांतली, जमिनी गेलेल्या घरांतली मुले तेथे पदवीपर्यंत पोचली. आपल्या गावातल्या किती घरांत पहिला पदवीधर या कॉलेजांतून आला, हे प्रत्येकीने आपल्या आळीत मोजून पाहावे.

१९५९ च्या जानेवारीत भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ५ एप्रिलला पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. इंग्रजी सहावीत शाळा सुटलेल्या माणसाला विद्यापीठाने डॉक्टर म्हटले. त्या वेळी त्यांची प्रकृती पार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचा देहान्त झाला. त्या दिवशी संस्थेची ३८ बोर्डिंगे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ ट्रेनिंग कॉलेजे, १०८ हायस्कुले आणि ३ कॉलेजे अशी मोजदाद केलेली आहे. त्यांच्या मागे स्वतःचे घर, जमीनजुमला असे काही साठवलेले नव्हते. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. सुट्टीत गावी जाताना सातारा लागतेच, तेव्हा मुलांना एकदा तेथे न्यावे.

— बोनकोडे महिला मंडळाची एक सभासद